कुठला फोंडा?

लाईट गेली तेव्हा मी 140 बाहुल्या एका सूत्रधाराच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात देत होतो. साल 2020, जुलै महिना, रात्रीचे अकरा, स्थळ फोंडाघाट, आमच्या घराची पडवी. घाटावरून उतरलेला पाऊस कौलांवर असा वाजत होता की फोनवरच्या पुणेकर सहकाऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे या वेळेला चणे भाजतात का?"

बाहुल्यांचं आधी सांगतो, नाहीतर लोक मला दशावतारी कंपनीतला समजतील. मी पोटासाठी सर्व्हर सांभाळतो. ते कुठल्याशा शहरातल्या गारढोण खोल्यांत उभे असतात, त्यातला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. "तो कॉम्पुटरांची राखण करता," असं आई वाडीत सांगते. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा जमलं नव्हतं. त्या वर्षी टाळेबंदीत मी पुण्याहून गावी आलो, चौदा दिवस मागच्या खोपीत काढले आणि मग पडवीत टेबल टाकून राखणीला बसलो. रेंज पडवीच्या पूर्वेकडच्या खांबापाशीच येत असल्यामुळे टेबल कुठे टाकायचं हा प्रश्न नव्हता.

यंत्रं दोन-चार असती तर हाताने सांभाळली असती. 140 झाली की एकेकाचं तोंड धुवायला जाणं परवडत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरं असतात, आणि आमच्याकडचं होतं त्याचं नाव पपेट. म्हणजे बाहुली. ल्यूक केनिस नावाच्या अमेरिकन माणसाने 2005 साली ते काढलं. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सिलिकॉन व्हॅली आठवली नाही, कुडाळजवळची पिंगुळी आठवली. तिथल्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपली. परशुराम गंगावणे यांनी तर घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात बाहुल्या मांडणारा माणूस आणि पडवीत सर्व्हर मांडणारा मी, दोघे एकाच जिल्ह्याचे आहोत एवढा अभिमान मी बाळगतो. पद्मश्रीची वाट बघत नाही.

फरक एवढाच की पिंगुळीच्या बाहुलीला सूत्रधार ओढतो. आमच्या बाहुल्या स्वतःहून येतात. दर तीस मिनिटांनी प्रत्येक सर्व्हर मुख्य यंत्राकडे जाऊन विचारतो, "मी कसा असायला हवा?" मुख्य यंत्र त्याला यादी देतं: या फाईली, या परवानग्या, हे कार्यक्रम चालू, ते बंद. सर्व्हर ती यादी आपल्या अंगाशी ताडून बघतो, वाकडं झालेलं सरळ करतो आणि पुन्हा अर्ध्या तासाने हजर. इतकी आज्ञाधारक मंडळी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुका वर्साक एकदा विचारूक होयत नाय, आनी हे अर्ध्या तासान?"

तर हा मुख्य सूत्रधार म्हातारा झाला होता. आमची आवृत्ती 3.8. तिची देखभाल बनवणाऱ्यांनी 2016 च्या अखेरीस थांबवलेली. पुढे साडेतीन वर्षं आम्ही ती तशीच चालवली, कारण चालत होती. 'चालतंय ना' हे दोन शब्द सर्व्हरच्या जगात जेवढे सर्व्हर वाचवतात त्याहून जास्त बुडवतात. पण 2020 मध्ये खालची जमीनच सरकायला लागली. आमची यंत्रं ज्या सेंटओएस 6 या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी होती, तिच्या देखभालीची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2020 अशी लागलेली होती. जमीन बदलायची म्हणजे घर उतरवायचं, आणि घर उतरवायचंच तर जुना सूत्रधार तरी कशाला ठेवायचा? ठरलं, थेट सहाव्या आवृत्तीवर जायचं.

नवी आवृत्ती बसवणं हे काम दहा मिनिटांचं. खरं काम जुनी मांडणी नव्या घरात नेण्याचं. अकरा वर्षांत आठ-नऊ माणसांनी लिहिलेल्या सूचना त्या जुन्या यंत्रात साठल्या होत्या. कुणी रात्री दोन वाजता घाबरून लिहिलेल्या, कुणी नोकरी सोडण्याच्या आदल्या दिवशी घाईत, कुणी फारच हुशारीने. नव्या आवृत्तीला या सूचना वाचता यायच्या, पण ती त्यांचा अर्थ वेगळा लावायची. भाषा तीच आणि अर्थ निराळा, ही अडचण काय असते ते मालवणी सासर आणि घाटी माहेर असलेल्या कुठल्याही बाईला विचारावं.

पहिला धक्का नावांचा.

जुन्या आवृत्तीत एखादं नाव अर्धवट लिहिलेलं चालायचं. समजा, वेबसाईट दाखवणाऱ्या कार्यक्रमाचं नाव 'अपाची' एवढंच लिहिलं, तर ती आधी आसपास बघायची, इथेच जवळ अपाची नावाचं कुणी आहे का? असलं तर तेच धरायची. नसलं तरच पुढे शोधायला जायची. नव्या आवृत्तीने हा शेजारधर्म बंद केला. नाव लिहायचं ते वरपासून पूर्ण, नाहीतर ती भलत्याच अपाचीला हाक मारणार. सुमारे तीनशे ठिकाणी आमची नावं अर्धवट होती आणि मला प्रत्येक ठिकाणी ठरवायचं होतं की लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं.

माझ्या पुण्याच्या सहकाऱ्याला हे काही केल्या पटेना. नाव ते नाव, म्हणाला. मग मी त्याला आमच्या गावाचं उदाहरण दिलं. कणकवलीच्या स्टँडवर उभं राहून "एक फोंडा" म्हटलं की कंडक्टर मुकाट्याने आमच्या गावचं तिकीट फाडतो. तेच दोन शब्द पणजीच्या स्टँडवर म्हणा. माणूस पोचतो गोव्यातल्या फोंड्याला, मंगेशीच्या पुढे. दोन्ही कंडक्टरांचं काही चुकलेलं नाही. तुम्ही कुठे उभे होतात ते फक्त त्यांनी गृहीत धरलं. आम्ही गावातले लोक आपसांत कधी फोंडाघाट म्हणत नाही, फोंडाच म्हणतो. पण मनीऑर्डरवर फोंडाघाट लिहितो, कारण पैसे जवळपास शोधत बसलेले आपल्याला परवडत नाहीत. "म्हणजे नवी आवृत्ती मनीऑर्डरचा फॉर्म आहे," सहकारी म्हणाला. मी म्हटलं, तसंच समज. त्यानंतर आमच्यात कुठलंही अर्धवट नाव सापडलं की तो एवढंच विचारायचा: "कुठला फोंडा?"

आमच्या वाडीत चार 'बाबल्या' आहेत आणि वरच्या वाडीत दोन. गावात त्यांच्यात कधी घोटाळा झालेला माझ्या ऐकिवात नाही. घोटाळा होतो तो मुंबईहून कुरियर आलं की.

दुसरा धक्का आकड्यांचा, आणि यावर मी एकटाच अर्धा तास हसलो, कारण घरात हसायला दुसरं कुणी जागं नव्हतं. फाईल कुणी वाचावी, कुणी लिहावी याची परवानगी आकड्यात सांगतात. नेहमीचा आकडा 0644. जुनी आवृत्ती तो जसाच्या तसा घ्यायची. नवीला अवतरणचिन्हांत बांधून दिला तर ठीक, नाहीतर शून्यापासून सुरू झालेला आकडा म्हणून ती तो अष्टमान पद्धतीत मोजते: 6 वेळा 64, 4 वेळा 8, वर 4. बेरीज करून बघा. 420. म्हणजे आमच्या साध्यासुध्या, सालस फाईलीला नवीन व्यवस्था चारशेवीस ठरवून दारातूनच परत पाठवत होती, आणि असे चारशेवीस मला शेकड्यांनी सापडले.

यात आणखी एक मजा पुढे झाली. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम 420 वरून 318 वर गेलं. देशातल्या सगळ्या ठाण्यांत नव्या गुन्ह्यांसाठी ही मांडणी एका रात्रीत बदलली. पण "तो मोठा तीनशेअठरा आहे" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

भेटणारही नाही, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार चार आण्यांचा आहे. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे जाऊन 100 नवे पैसे झाले. केवढं स्थलांतर ते! हिशेबाच्या वह्या, पोस्टाची तिकिटं, कोष्टकं, सगळं नवं. 'नवे' हा शब्द सुद्धा 1964 च्या जूनमध्ये गळाला आणि नुसते पैसे उरले. आण्याला त्यात जागाच नव्हती. तरी आमची आजी मरेपर्यंत 25 पैशांना चार आणे म्हणाली, तिच्यामागून आम्हीही म्हणालो, आणि 2011 च्या 30 जूनला सरकारने ते नाणंच चलनातून काढलं तेव्हा वर्तमानपत्रांनी मराठीत बातमी दिली ती चार आणे गेल्याची. व्यवस्थेतून 54 वर्षांपूर्वी काढलेली गोष्ट बिनबोभाट चालत होती. सॉफ्टवेअर अशा वेळी पिवळ्या अक्षरांत इशारा देतं, की हे जुनं झालं, पुढच्या आवृत्तीत चालणार नाही. माझ्या पडद्यावर त्या दिवसांत असे चार हजारांवर इशारे येत. आजीला तो पिवळा इशारा कुणी दाखवला असता तर तिने त्याच्याकडे आधी चार आणे सुट्टे मागितले असते.

तिसऱ्या धक्क्यावर मात्र मी हसलो नाही.

जुन्या आवृत्तीत रिकाम्या जागेचा अर्थ 'नाही' असा होता. एखाद्या नावापुढे काहीच लिहिलेलं नसलं, दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये पोकळी, तर जुनी म्हणायची, नाही. चौथ्या आवृत्तीपासून नियम उलटला. रिकामं असलं तरी ते आहे. त्यात काही भरलेलं नाही ही गोष्ट वेगळी, पण ते आहे. 'आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'होय'. यामुळे आमच्याकडे बंद असायला हवेत ते कार्यक्रम चाचणीत धडाधड सुरू व्हायला लागले, आणि मी चिडून पडवीच्या पायरीवर जाऊन बसलो.

पायरीवरून समोर चार घरं दिसतात. त्यातल्या तीन घरांना कुलूप. एक कुटुंब डोंबिवलीला, एक विरारला, एकाचा पत्ता गेल्या दोन वर्षांत दोनदा बदललेला. गणपतीत ही घरं उघडतात, गणपतीवरच्या माटवीला कवंडळं, तवशी आणि सुपारीचे घोस बांधले जातात, पाच-सात दिवस खळ्यात माणूस मावत नाही, आणि मग पुन्हा कुलूप. वर्षाचे साडेतीनशे दिवस रिकामी. पण ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत बघा, तिन्ही घरं आहेत. देवळातल्या मानाच्या क्रमात आहेत. होळीला त्यांच्या दारात रोंबाटाची मिरवणूक थांबते. आई संध्याकाळी दिवा लावला की शेजारच्या ओसरीवरही एक पणती ठेवून येते. मी तिला एकदा विचारलं होतं, तिथे कोण आहे? म्हणाली, "घर आसा."

मी उठून आत आलो आणि रिकाम्या जागांची यादी करायला बसलो. नव्या आवृत्तीच्या नियमावर पुन्हा काही बोललो नाही.

आता दगडाचं सांगितलं पाहिजे.

आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात, घराच्या भिंतीला लागून, गुडघ्याएवढा काळा दगड आहे. शेंदूर नाही, नाव नाही. वर्षातून एकदा त्याच्यापुढे नारळ फुटतो. राखणदाराचा असणार, असं सगळे धरून चालतात. 2019 मध्ये खळ्याची डागडुजी काढली तेव्हा मेस्त्री म्हणाला, हा काढला तर गाडी थेट मागे जाईल. आई म्हणाली, "ता थंयच ऱ्हवांदे." विषय संपला. पुढे एका दुपारी शेजारचे तात्या चहाला आले असताना मी सहज दगडाची गोष्ट काढली. तात्यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं. ते खो खो हसले. त्यांच्या लहानपणी घाटावरून गुळाच्या नि तांदळाच्या बैलगाड्या उतरायच्या आणि रात्री आमच्या खळ्यात सुटायच्या. वळताना गाडीचं चाक घराच्या कोपऱ्याला घासायचं, माती पडायची. म्हणून माझ्या पणजोबांनी तो दगड पुरला. चाक दगडाला लागेल, भिंतीला नाही. बस्स. गाड्या गेल्या, बैल गेले, पणजोबा गेले. दगड राहिला, आणि मधल्या कुठल्या तरी वर्षी कुणीतरी त्याला पहिला नारळ दिला.

आईने हे सगळं शांतपणे ऐकलं. त्या वर्षीचा नारळ तिने जरा मोठा फोडला. "भिंत राखल्यान ना इतकी वर्सां," म्हणाली. यावर तात्यांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच.

आमच्या जुन्या सूत्रधाराच्या पोटात असाच एक दगड होता. एका महत्त्वाच्या यंत्रावर डेटाबेस सुरू करण्याआधी 40 सेकंद थांबावं, अशी सूचना. शेजारी इंग्रजीत शेरा: काढू नये. का काढू नये ते नाही. कुणी लिहिलं तेही नाही. मी आमच्या जुन्या सरांना साताऱ्याला फोन लावला. ते निवृत्त होऊन बागेत रमलेले. सरांनी आठवून आठवून सांगितलं. तेव्हा डिस्कचं एक भलंमोठं कपाट होतं, ते झोपेतून उठायला अर्धा-पाऊण मिनिट घ्यायचं. डेटाबेस त्याच्या आधी जागा झाला तर घर रिकामं बघून आरडाओरडा करायचा.

"ते कपाट कुठे आहे आता?"

"अरे, 2013 सालीच भंगारात दिलं."

"मग काढू ही ओळ?"

पलीकडून बराच वेळ नुसता झारीचा आवाज. मग सर म्हणाले, "40 सेकंदच तर आहेत रे."

मी ती ओळ नव्या घरात नेली. शेजारी मात्र कारण लिहिलं, सविस्तर, कपाटाच्या भंगारासकट. वाचणारा पुढे काय तो निर्णय घेईल, आणि मला खात्री आहे की तोही काढणार नाही.

या सगळ्या दुरुस्त्यांनंतर एक तालीम करता येते. पपेटला सांगायचं की करू काही नकोस, नुसतं काय केलं असतंस ते बोलून दाखव. हा प्रकार मला फार आवडतो. माणसांतही ही सोय हवी होती, विशेषतः लग्नाआधी. एकेका सर्व्हरपुढे नवी यादी वाचायची, तो म्हणणार, ही फाईल बदलेन, हा कार्यक्रम बंद करीन. आपण ऐकून म्हणायचं, थांब, हे बरोबर नाही.

असं वाचन आमच्या गावांनी आधी एकदा केलेलं आहे, आणि तेही माझ्या 140 यंत्रांवर नव्हे तर अख्ख्या महाराष्ट्राच्या जमिनीवर. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर गेले तेव्हा दोन्ही जुळतात की नाही हे तपासायला 2017 च्या उन्हाळ्यात चावडीवाचन झालं. तलाठ्याने संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी ऐकून हरकत सांगायची. आमच्या कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-तीस सामाईक नावं, क्षेत्र मात्र चार गुंठे, त्यामुळे नावं वाचून होईपर्यंत सोलकढीची वेळ व्हायची. तात्यांनी जोरदार हरकत घेतली की त्यांच्या परड्याचं क्षेत्र दोन गुंठ्यांनी कमी लागलंय. जुनी हस्तलिखित वही काढली. वही आणि संगणक दोन्ही एकच बोलत होते. तात्यांची आठवण तेवढी त्याच्याही आधीच्या आवृत्तीवर चालत होती. ते मुकाट बसले, पण दोन गुंठे त्यांनी मनातून सोडले नाहीत, आजही नाहीत. सगळी यंत्रं जुळली तरी एक नोंद कुठेतरी जुळत नसतेच. माझ्या तालमीत शेवटी 138 यंत्रं स्वच्छ बोलली आणि दोन तात्यांसारखी अडून बसली.

वाहतूक चालू ठेवून हे करायचं असतं, ही खरी ग्यानबाची मेख. दुकान बंद करून फळ्या बदलणं सोपं. 2024 साली करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा त्याच्या गाड्या आमच्या घाटात वळवल्या. रात्रभर ट्रकच्या दिव्यांचे पट्टे आमच्या माडांवरून फिरायचे. तिकडे नवा रस्ता तयार होत होता आणि इकडे जुना घाट दुप्पट ओझं वाहत होता. मला ते बघून भरून यायचं. मी चार वर्षांपूर्वी हेच केलेलं, फक्त माझ्याकडे धुकं नव्हतं. म्हणजे होतं, पण पडद्याबाहेर.

माझी पद्धत अशी होती की नवा सूत्रधार वेगळ्या यंत्रावर उभा करायचा आणि बाहुल्या दहा-दहाने तिकडे पाठवायच्या. नव्या दारात गेलेली बाहुली आधी आपली ओळख देते आणि सूत्रधाराने तिच्या दाखल्यावर सही करेपर्यंत बाहेर उभी राहते. दर दोन मिनिटांनी विचारते, झाली का सही? 2020 चा जुलै होता. आमच्या ग्रामपंचायतीच्या दारातही तेव्हा मुंबईहून आलेले चाकरमानी कागद हातात घेऊन असेच उभे असायचे. मी सह्या करताना कुणाला ताटकळत ठेवलं नाही. दुपारी बाहेर पाहिलेली तोंडं नजरेसमोरून जात नव्हती.

अकरा वाजता लाईट गेली, तेव्हा साठाव्या बाहुलीपर्यंत आलो होतो. इन्व्हर्टरने चार मिनिटं साथ दिली. मग राऊटर गेला, त्याच्यामागून मोबाईलची रेंज. पडवीत मिट्ट काळोख, कौलांवर चणे, आणि माझ्या बाहुल्या अर्ध्या या घरात नि अर्ध्या त्या घरात. पुण्याच्या सहकाऱ्याला कळवायचीही सोय नाही. आई कंदील घेऊन आली.

"काय झाला?"

"काही नाही. मी आता त्यांच्याशी बोलू शकत नाही."

"मगे ती काय करतली?"

तिचा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर मला ठाऊक होतं. मी असेन नाहीतर नसेन, बाहुल्यांना फरक पडत नाही. त्या सूत्रधाराला विचारतात, मला नाही. आणि वाटेतच गेलेल्या एखादीला सूत्रधारही सापडला नाही, तरी ती हातपाय गाळत नाही. शेवटच्या खेपेला सांगितलेली यादी तिने जपून ठेवलेली असते. उत्तर आलं नाही की तीच पुन्हा चालवते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायला जाते. आईला हे सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "तसाच करूचा," म्हणाली आणि कंदिलाची वात बारीक करून गेली.

लाईट दीडला आली. पावणेतीनपर्यंत 138 बाहुल्या नव्या हातात गेल्या. दोघी अडेलतट्टूंना सकाळी पाहायचं ठरवून मी पडदा मिटला. चुलीपाशी गेलो तर आई जागीच. ती त्या रात्री माझ्यासाठी जागी होती की गळतीसाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही. मे महिन्यात आम्ही घर शाकारलं होतं. सगळी कौलं उतरवली, फुटकी काढली, रीप बदलली, पुन्हा चढवली. पंधरा दिवस दोन माणसं खपत होती. आणि आता देवघराच्या उजव्या बाजूला, आजीच्या वेळेपासून जिथे गळायचं तिथेच, टप्, टप्, टप्. आईने आजीचाच पितळी टोप खाली मांडला होता.

"झाला तुझा?"

"झालं."

"आता काय वेगळा दिसतला?"

"काहीच नाही. सगळं आधीसारखंच दिसायला हवं."

तिने मान हलवली. "आमचा पण झाला. आदी गळा होता थंयच गळता."

सव्वातीनला उशाचा फोन थरथरला. आमच्या एका यंत्राकडून दर रात्री याच वेळी एक खोटी तक्रार यायची, डिस्क भरत आल्याची. ती कधी भरलेली नव्हती. गेल्या अकरा वर्षांत कुणालाच ती तक्रार बंद करता आली नव्हती आणि मीही त्या भानगडीत पडलो नव्हतो. मी फोन उचलून बघितलं. तीच तक्रार, तेच शब्द. खाली पाठवणाऱ्याचं नाव तेवढं नव्या सूत्रधाराचं.

मी कूस बदलली. देवघरात टोप अर्धा भरला असावा, कारण आवाज बदलला होता.